हळद, जस्त आणि निळ्या जेलवरची पांढरी पट्टी

सांगलीत जीवरसायनशास्त्राच्या प्रबंधाला विषय शोधायला बसलं की हळद आपसूक पुढे येते. यायलाच हवी. मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे निघतात, हरिपूरच्या पेवांनी पिढ्यानपिढ्या हळद सांभाळली, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि कापलं-खरचटलं तर चिमूटभर हळद दाबायची हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. शेजारी मिरज. तिथे दवाखान्यांची दाटी, म्हणजे रक्ताचे, हिरडीचे, जखमेचे नमुने मिळायची सोय. मग ‘कर्क्युमिनचा एमएमपी-९ या विकरावर होणारा परिणाम’ असा विषय ठरतो (कर्क्युमिन म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, विकर म्हणजे एन्झाइम), जेल चालतं, विकराने जेलमधलं प्रथिन खाल्लं तिथे उमटणारी पांढरी पट्टी फिकी पडते आणि ‘हळद या विकराला रोखते’ हे वाक्य लिहून होतं. विषय उत्तमच आहे. पण ती फिकी पट्टी नेमकं काय सांगते आणि काय सांगत नाही, हे वाक्य लिहिण्याआधी पुरेसं तपासलं जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते. तपासणं अवघड नाही. त्यासाठी लागणारं बहुतेक साहित्य त्याच प्रयोगशाळेच्या कपाटात असतं.

आधी ही विकरं कोणती ते पाहू. शरीरातल्या पेशी कोलॅजन, इलॅस्टिन, फायब्रोनेक्टिन अशा प्रथिनांच्या जाळ्यात बसलेल्या असतात. हे जाळं सतत तोडलं आणि नव्याने विणलं जातं. जखम भरताना, हाड वाढताना, बाळंतपणानंतर गर्भाशय पूर्ववत होताना ही तोडफोड लागतेच. ती हाताबाहेर गेली की हिरडी दात सोडते, सांध्याची कूर्चा झिजते, गाठीतल्या पेशींना पसरायला वाट मिळते. हे काम करणाऱ्या विकरांचं मोठं घराणं म्हणजे मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज, म्हणजेच एमएमपी. माणसात ती २३ आहेत. पहिलं सापडलं १९६२ मध्ये, बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत. जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना प्रश्न पडला होता की बेडूक होताना ती शेपूट जाते कुठे. त्यांनी शेपटीच्या उतींचे जिवंत तुकडे कोलॅजनच्या जेलवर ठेवले आणि तुकड्याभोवतीचं जेल विरघळलेलं पाहिलं. आज आपण जी पद्धत वापरतो तिचं मूळ तिथेच आहे: विकराला खायला प्रथिन द्यायचं आणि कुठे खाल्लं ते बघायचं.

या सगळ्या विकरांच्या क्रियास्थानी जस्ताचा एक अणू असतो आणि रचना टिकायला कॅल्शियम लागतं. पेशी ती निष्क्रिय रूपात बाहेर सोडते. रेणूच्या पुढच्या तुकड्यातल्या सिस्टीनचं गंधक त्या जस्ताला धरून असतं, दाराला आतून कडी लावावी तसं. तो तुकडा कापला गेला की विकर कामाला लागतं. त्यावरही टिम्प नावाची चार प्रथिनं पहारा करतात. ती सक्रिय विकराला एकास एक चिकटून त्याला थांबवतात. म्हणजे विकर असणं, ते सक्रिय असणं आणि त्याला मोकळीक असणं या तीन वेगळ्या गोष्टी झाल्या. पुढचं सगळं या तीन गोष्टींच्या गल्लतीबद्दल आहे.

जिलेटिन झायमोग्राफी ही आपल्याकडची सगळ्यात परवडणारी पद्धत. नेहमीच्या प्रोटीन जेलचीच भांडी, फक्त जेल ओततानाच त्यात जिलेटिन मिसळायचं. साडेसात टक्क्यांच्या १० मिलिलिटर जेलसाठी ३०% ॲक्रिलअमाइडचं द्रावण अडीच मिलिलिटर, सामू ८.८ चं १.५ मोलर ट्रिस अडीच मिलिलिटर, प्रथिन उलगडणारं डिटर्जंट म्हणजे १०% एसडीएस ०.१ मिलिलिटर, पाणी ३.८५ मिलिलिटर आणि दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असं तयार केलेलं जिलेटिनचं द्रावण १ मिलिलिटर. शेवटी जेल धरायला लावणारे दोघे: १०% एपीएस ५० मायक्रोलिटर आणि टेमेड ५ मायक्रोलिटर. जिलेटिन साठएक अंशाच्या पाण्यात विरघळवून कोमट होऊ द्यायचं आणि मगच मिसळायचं. गरम असतानाच मिसळलं तर जेल ओतून व्हायच्या आत धरतं. सांगलीच्या मे महिन्यात तर खोलीच चाळिशीला टेकलेली असते, तेव्हा सगळी द्रावणं बर्फावर ठेवून टेमेड अगदी शेवटी घालावं. थंडीत उलटं होतं: जिलेटिनचं द्रावण बाटलीतच थिजतं, त्याच्या गाठी जेलमध्ये उतरतात आणि रंगवल्यावर ढगाळ डाग दिसतात. वरच्या ४% स्टॅकिंग जेलमध्ये जिलेटिन घालायचं नाही. पाणी मात्र डीआयोनाइज्डच हवं. बोअरचं किंवा नळाचं जड पाणी कॅल्शियमसकट कितीतरी धातू घेऊन येतं, आणि हा सगळा खेळच धातूंचा आहे.

नमुना उकळायचा नाही. त्यात डायसल्फाइड बंध तोडणारं डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल घालायचं नाही. हे दोन नियम नव्या विद्यार्थ्याच्या हातून सवयीने मोडले जातात, कारण प्रथिन ओळखायच्या वेस्टर्न ब्लॉटसाठी नेमकं उलटं करायची सवय असते. उकळलं की विकर कायमचं मोडतं, आणि डायसल्फाइड बंध तुटले की ते पुन्हा नीट घडी घालू शकत नाही. प्रथिनांच्या वजनाच्या खुणा दाखवणारे जे मार्कर विकत मिळतात त्यांच्यात बहुधा डीटीटी असतंच, ते पाझरून शेजारची पट्टी पुसट करतं. म्हणून मार्करच्या बाजूची एक लेन रिकामी सोडावी. मार्करच्या अंकांवर डोळे मिटून विसंबूही नये. जिलेटिनच्या जाळ्यातून विकर जरा रेंगाळत जातं, त्यामुळे ७२ किलोडाल्टनची (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) पट्टी नेमकी ७२ वर बसेलच असं नाही. त्यापेक्षा बोटाच्या रक्ताचा एक थेंब वीसपट नॉन-रिड्यूसिंग सॅम्पल बफरमध्ये मिसळून एका लेनमध्ये भरावा. त्यात एमएमपी-९ ची ९२ किलोडाल्टनची पट्टी, तिच्याच वर साधारण १३० आणि २२५ ची जोडरूपं आणि खाली एमएमपी-२ ची ७२ ची पट्टी असं सगळं एका ओळीत मिळतं. महागड्या शुद्ध विकराशिवाय चालणारा असा दुसरा मार्कर मला माहीत नाही.

टाकी बर्फात ठेवून १२५ व्होल्टवर, निळा रंग तळाला जाईपर्यंत जेल चालवायचं. टाकी तापली तर विकर वाटेतच जिलेटिन खायला लागतं आणि पट्टीला पांढरी शेपूट फुटते. मग २.५% ट्रायटन एक्स-१०० मध्ये अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन धुण्या. ट्रायटन एसडीएसला बाहेर काढतं आणि विकर परत आकारात येतं. घाईने धुतलं तर एसडीएस उरतं आणि सगळंच जेल एकसारखं निळं राहतं. त्यानंतर जेल ५० मिलिमोलर ट्रिस, सामू ७.५, १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, १५० मिलिमोलर मीठ, १ मायक्रोमोलर झिंक क्लोराइड आणि ०.०२% सोडियम ॲझाइड अशा बफरमध्ये ३७ अंशांवर १८ तास ठेवायचं. रात्री वीज जाणं हे आपल्याकडचं वास्तव आहे. इनक्युबेटरमध्ये पाण्याने भरलेल्या दोन मोठ्या बाटल्या आधीपासून ठेवलेल्या असल्या तर तापमान लगेच कोसळत नाही. तरीही ज्यांची तुलना करायची ते सगळे नमुने एकाच जेलवर असू द्यावेत. काल आणि आज चालवलेल्या दोन जेलमधल्या पट्ट्या शेजारी लावून टक्केवारी काढू नये.

सकाळी ०.५% कुमासी आर-२५० मध्ये, ४०% मिथेनॉल आणि १०% ॲसेटिक ॲसिडसह, तासभर रंगवायचं आणि मग डेस्टेन करायचं. जिथे जिलेटिन खाल्लं गेलं तिथे रंग धरत नाही, निळ्यावर पांढरं उमटतं. पट्टी पिकोग्रॅममधल्या विकराचीही दिसते, म्हणून ही पद्धत इतकी आवडती. पण जिलेटिन एकदा पूर्ण खाऊन झालं की दुप्पट विकरानेही पट्टी आणखी पांढरी होत नाही. इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये मोजलेले आकडे तेव्हा खोटे असतात. म्हणून एकाच नमुन्याची १, २, ४, ८ अशी पातळ होत जाणारी मालिका आधी चालवून, आकडा प्रमाणात कुठवर वाढतो ते पाहावं आणि सगळे नमुने त्या मर्यादेत आणावेत. जेलचा एक तुकडा कापून २० मिलिमोलर ईडीटीए (धातू धरून ठेवणारं रसायन) घातलेल्या बफरमध्ये ठेवणं हेही सक्तीचं समजावं. तिथे पट्टी नाहीशी झाली तरच ते धातूवर चालणारं विकर म्हणता येतं.

नमुन्याची गोष्ट जेलइतकीच महत्त्वाची, आणि ती ओपीडीतच बिघडते. लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठताना पांढऱ्या पेशी आपल्या कणिकांमधलं एमएमपी-९ सोडतात. ट्यूबमध्ये क्लॉट ॲक्टिव्हेटर असेल तर आणखीच. मग रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांतला फरक मोजतोय असं वाटतं, पण मोजला जातो तो ट्यूब टेबलावर किती वेळ पडून होती याचा फरक. एमएमपी-९ साठी सायट्रेट किंवा हेपारिनची ट्यूब घ्यावी, लवकर सेंट्रिफ्यूज करावी, आणि मिरजेहून नमुना आणायचा असेल तर प्लाझ्मा वेगळा करूनच बर्फाच्या पेटीत आणावा. हिमोग्रामची उरलेली जांभळ्या झाकणाची ट्यूब फुकट मिळते, तिचा मोह होतो. झायमोग्राफीला ती चालूनही जाते, कारण ईडीटीए जेलमध्ये मागे पडतं आणि नंतर भरपूर कॅल्शियम मिळतं. पण हाच प्लाझ्मा पुढे थेट क्रियाशीलता मोजायला घेतला की ईडीटीए सगळा धातू धरून बसतं. हिरडीचा किंवा जखमेचा तुकडा वाटतानाही प्रोटीएज इनहिबिटरची ईडीटीएविरहित गोळी निवडावी. प्रथिन मोजायला ब्रॅडफोर्ड पद्धत वापरत असाल तर उती फोडायच्या बफरमधलं ट्रायटन तिथे घोळ घालतं, बीसीए पद्धत बरी. उणे ८० मधून काढलेला भाग एकदाच वापरायचा, परत गोठवायचा नाही.

आता त्या फिक्या पट्टीकडे येऊ. एसडीएस जेलमध्ये दोन गोष्टी होतात आणि त्या कुठल्याही फोटोत दिसत नाहीत. एक, टिम्प विकरापासून सुटून आपल्या वजनाप्रमाणे वेगळं धावतं. दोन, एसडीएस रेणू उलगडतं, त्या गडबडीत सिस्टीन जस्तापासून सुटतं आणि न कापलेलं, निष्क्रिय विकरही जेलमध्ये कामाला लागतं. म्हणूनच ९२ ला पांढरी पट्टी येते, नाहीतर ते निष्क्रिय रूप दिसायलाच नको होतं. तर पट्टी सांगते की या नमुन्यात इतकं विकर होतं, इतकं कापलेलं आणि इतकं न कापलेलं. उतीत ते किती मोकळं होतं, हे ती सांगू शकत नाही. ९२ ची पट्टी मोठी आहे म्हणून ‘क्रियाशीलता वाढली’ असं लिहिणं चूक आहे. कापलेल्या रूपाची ८२ ची आणि न कापलेल्याची ९२ ची पट्टी वेगळी मोजून त्यांचं गुणोत्तर द्यावं, ते जास्त प्रामाणिक.

पेशींना कर्क्युमिन दिलं, २४ तासांनी माध्यम गोळा केलं आणि पट्टी फिकी दिसली, तर कर्क्युमिनने विकराला रोखलं असं त्यातून निघत नाही. पेशीने कमी विकर सोडलं असेल. पेशीच कमी उरल्या असतील. म्हणून प्रत्येक वेलमधल्या जिवंत पेशी ट्रिपॅन ब्लू या रंगाने मोजून नमुना त्या प्रमाणात भरावा. आणखी एक पेच आहे. झायमोग्राफीसाठी माध्यम सीरमविरहित लागतं, कारण वासराच्या सीरममध्ये स्वतःचं एमएमपी-२ असतं आणि तेही पट्टी उमटवतं. पण नेमक्या सीरम नसलेल्या द्रावणातच कर्क्युमिन फार टिकत नाही. ३७ अंशांवर, सामू ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये अर्ध्या तासात सुमारे ९०% कर्क्युमिन मोडतं, हे १९९७ मध्येच दाखवलं गेलं आहे. म्हणजे चोवीस तासांच्या प्रयोगातला बराचसा काळ पेशी कर्क्युमिनच्या तुकड्यांसोबत असतात. जो परिणाम दिसला तो खरा असेल, पण तो कुणाचा हे ठरवायला कर्क्युमिन आधी तासभर बफरमध्ये ठेवून मग पेशींना देण्याचा एक कंट्रोल लागतो. तो कंट्रोल असलेला प्रबंध वाचायला मला फार आवडेल.

थेट रोखतं का हे जेलवरच तपासता येतं. एकाच नमुन्याने सगळ्या लेन भरायच्या, ट्रायटनची धुणी झाल्यावर जेलच्या उभ्या पट्ट्या कापायच्या आणि प्रत्येक पट्टी वेगळ्या डबीत कर्क्युमिनच्या वेगळ्या प्रमाणात ठेवायची. ३.६८ मिलिग्रॅम कर्क्युमिन १ मिलिलिटर डीएमएसओ या विद्रावकामध्ये म्हणजे १० मिलिमोलर. ते हजारपट पातळ केलं की १० मायक्रोमोलर, डीएमएसओ ०.१%. कंट्रोल पट्टीलाही तेवढंच डीएमएसओ. डबीला ॲल्युमिनियम फॉइल, कारण प्रकाशातही ते मोडतं. नमुना थोडा जास्त भरून इनक्युबेशन चार-सहा तासांवर आणावं आणि दर तासाला ताजं द्रावण घालावं. यार्डातून आणलेल्या हळदीचा अर्क वापरत असाल तर त्यात कर्क्युमिनॉइड किती हे ४२५ नॅनोमीटरवर, घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राने मोजून लिहायलाच हवं. ‘हळदीचा अर्क १०० मायक्रोग्रॅम’ या आकड्यावरून दुसऱ्या कुणाला प्रयोग परत करता येत नाही. वाण, शिजवण, वाळवण, साठवण, सगळ्यांनी तो आकडा हलतो.

ज्यांच्याकडे चमक मोजणारा फ्लुओरोमीटर आहे ते चमकणाऱ्या पेप्टाइडकडे वळतात. छोट्या पेप्टाइडच्या एका टोकाला चमकणारा गट, दुसरीकडे ती चमक दाबणारा. विकराने मधे कापलं की ३२० नॅनोमीटरचा प्रकाश दिल्यावर ४०० च्या आसपास चमक वाढत जाते. निष्क्रिय विकर आधी १ मिलिमोलर एपीएमए या पाऱ्याच्या संयुगाने ३७ अंशांवर जागं करायचं. एमएमपी-२ ला तासभर पुरतो, एमएमपी-९ ला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. पहिली दहा-वीस मिनिटं, रेघ सरळ असेतोवरचा वेगच घ्यायचा. इथे हळद मोठा चकवा देते. कर्क्युमिनचं शोषण ४२५ च्या भोवती पसरलेलं आहे, म्हणजे पेप्टाइडची चमक ते वाटेतच गिळतं. आकडा खाली येतो आणि विकर मात्र मजेत कापत असतं. तपास सोपा आहे: आधीच पूर्ण कापलेल्या पेप्टाइडमध्ये तेवढंच कर्क्युमिन घालायचं. तिथेही चमक घसरली तर तेवढा भाग वजा करायला हवा. दुसरी शंका धातूची. कर्क्युमिनचा मधला भाग धातूंना धरतो, म्हणजे त्याने नुसतं जस्त ओढून घेतलं असेल. तिसरी गुठळ्यांची, कारण ते पाण्यात फारसं विरघळत नाही आणि त्याच्या सूक्ष्म गुठळ्यांना कुठलंही प्रथिन चिकटतं. ट्रिप्सिनसारख्या जस्त नसलेल्या विकरावर, ते ज्यावर काम करतं त्या त्याच्या स्वतःच्या सबस्ट्रेटसह, तोच प्रयोग करावा. ट्रिप्सिनही तितकंच रोखलं गेलं किंवा डिटर्जंट वाढवल्यावर परिणाम विरला, तर तो गुठळ्यांचा प्रताप. जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीमध्ये २०१७ साली कर्क्युमिनच्या या सगळ्या खोड्यांचा सविस्तर आढावा आला. हळदीवर काम करणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत त्याची छापील प्रत असावी असं मला वाटतं. त्याने हळदीचा मान कमी होत नाही. उलट या चाळणीतून जे उरेल त्यावर कुणी बोट ठेवू शकणार नाही.

प्लाझ्मात हे पेप्टाइड वापरताना आणखी एक ध्यानात ठेवावं. अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन नावाचं मोठं प्रथिन विकराला आपल्या पोकळीत कोंडतं. कोंडलेलं विकर कोलॅजनपर्यंत पोचू शकत नाही, पण चिमुकलं पेप्टाइड आत शिरतं आणि कापलं जातं, म्हणजे आकड्यात हे कोंडलेलं विकरही मोजलं जातं.

उतीत नेमकी कुठे तोडफोड चालू आहे हे पाहायचं तर इन सिटू, म्हणजे जागच्या जागी केलेली, झायमोग्राफी. फिक्स न केलेल्या, गोठवलेल्या उतीचे ८ ते १० मायक्रोमीटरचे काप, त्यावर फ्लुओरेसीनने खच्चून भरलेलं जिलेटिन, जे कापलं गेल्यावरच हिरवं चमकतं. यात टिम्प आपल्या जागीच असतं, म्हणून जेलपेक्षा हे चित्र उतीतल्या परिस्थितीच्या जवळ जातं. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला तुकडा इथे निरुपयोगी, तेव्हा शस्त्रक्रियागृहातल्या सिस्टरना आदल्या दिवशीच सांगून ठेवावं. शेजारचा काप ईडीटीए किंवा तसंच धातू धरणाऱ्या फेनान्थ्रोलीनसह ठेवायचा. आणि हळद दिलेल्या उतीचा एक काप जिलेटिन न घालताही बघायचा, कारण कर्क्युमिन स्वतः हिरवं चमकतं आणि ती चमक फ्लुओरेसीनच्याच फिल्टरमध्ये उतरते.

टिम्प मोजायला उलट झायमोग्राफी करतात. १५% जेलमध्ये जिलेटिनसोबत विकरही ओततात. सगळं जेल फिकं होतं आणि जिथे टिम्प आहे तिथे निळी पट्टी टिकून राहते: टिम्प-१ साधारण २८ ला, टिम्प-२ साधारण २१ ला. जेलमधलं विकर जास्त झालं तर निळ्या पट्ट्याही खाऊन टाकतं, म्हणून त्याचं प्रमाण प्रत्येक नव्या बॅचला जुळवावं लागतं.

राहिली बेसिनची गोष्ट. एपीएमएमध्ये पारा आहे. त्याचं उरलेलं द्रावण, त्याने भिजलेल्या टिप्स आणि ट्यूब यांना वेगळी, झाकणाची, नाव लिहिलेली बाटली हवी. ॲझाइडचं बफर बेसिनमध्ये ओतत राहिलं तर तांब्या-शिशाच्या नळात स्फोटक क्षार साठतात, शिवाय ॲसिडशी गाठ पडली तर विषारी वायू सुटतो. मिथेनॉलचं डेस्टेन स्पंज घालून निळं काढून परत वापरता येतं. न धरलेलं ॲक्रिलअमाइड मज्जातंतूंना घातक, म्हणून उरलेलं बीकरमध्येच एपीएस-टेमेड घालून घट्ट होऊ द्यावं आणि मग रासायनिक कचऱ्यात टाकावं. शहराचं सांडपाणी शेरी नाल्यातून कृष्णेत मिसळतं, याबद्दल सांगलीने वर्षानुवर्षं तक्रार केली आहे. त्यात पाऱ्याची भर प्रयोगशाळेने घालू नये. पाऱ्याची ही बाटली भरली की तारीख घालून घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्यायची आणि पावती जेलच्या वहीतच चिकटवायची.